फाटलेल्या चित्राची कुळकथा

सुप्याचे नाव काढले की इतिहासाची आवड असलेल्या माणसाला शहाजीराजांची पुणे-सुप्याची जहागीर आठवते. परंतु तो परगणा बारामतीकडच्या सुप्याचा, आणि पुणे-नगर रस्त्यावरच्या, पारनेर तालुक्यातल्या या सुप्याचा त्या सनदांशी काही संबंध नाही. या सुप्याची आजची ओळख आहे ती त्याच्या औद्योगिक वसाहतीची आणि कवड्या डोंगराच्या माथ्यावर फिरणाऱ्या पवनचक्क्यांची. वारा मन मानेल तसा वाहतो. पण त्याच्यापासून निपजलेली वीज देशाच्या जाळ्यात सोडायची असेल, तर तिची आवर्तने सेकंदाला ५० या कायम ठरलेल्या जाबत्यात बसवावीच लागतात. या ५० च्या आकड्याचे, वसाहतीत कामाला आलेल्या एखाद्या तरुणाच्या भाड्याच्या खोलीत पाळी संपल्यावर रंगणाऱ्या संगणकावरील खेळाशी काही नाते असेल, हे प्रथमदर्शनी कोणाला पटणार नाही. नाते मात्र आहे, आणि तेही रक्ताचे.

त्या तरुणाची फिर्याद दुहेरी असते. एक तर ‘स्क्रीन फाटते’ : खेळातल्या बोळातून धावता धावता त्याने झटकन मान वळवली, की समोरच्या खांबाचा वरचा अर्धा भाग जिथल्या तिथे राहतो, खालचा अर्धा बोटभर बाजूला सरकतो, आणि दोहोंच्या मधोमध एक आडवी चीर क्षणभर लकाकून जाते. दुसरे गाऱ्हाणे असे, की ‘माऊस जड लागतो’. म्हणजे हात हलतो, पण बंदुकीची नळी त्या हाताची आज्ञा काहीशी रेंगाळत पाळते. या दोन व्याधींचे वैर असे विलक्षण, की एकीवर औषध द्यावे तो दुसरी बळावते. आणि त्याचे कारण असे, की दोन्ही व्याधी एकाच जुन्या वादातून उद्भवल्या आहेत. चित्र करणारा आणि चित्र दाखवणारा यांपैकी कोणी कोणासाठी थांबायचे, हा तो वाद.

वादाचे मूळ सिनेमात सापडते. फीत प्रक्षेपकातून अखंड वाहत नाही. ती एकेका चित्रापुरती थबकते, पुन्हा ओढली जाते, आणि ओढली जात असताना प्रेक्षकाला ती ओढाताण दिसू नये म्हणून दिव्यासमोर फिरती झडप आडवी येते. ही झडप अंमळ पुढे-मागे झाली, तर काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांना वर किंवा खाली प्रकाशाचे शेपूट फुटते, आणि जत्रेतल्या तंबूत बसलेले प्रेक्षक चालकाच्या नावाने शिट्ट्या मारू लागतात. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे ठेवला, त्या काळी यंत्राचा दांडा बहुधा हाताने फिरवीत. त्यामुळे वेग माणसाच्या मनगटावर अवलंबून असे, आणि यंत्र त्याच्या मागून चाले. बोलपट आल्यावर ही मोकळीक संपली. आवाज चिरका किंवा घोगरा होऊन चालण्यासारखा नव्हता, म्हणून सेकंदाला २४ चित्रे असा दंडक कायम झाला. तेवढ्यावर मात्र डोळ्यांपुढे लुकलुक होई. ती मोडण्यासाठी झडपेला दोन पाती लावून एकच चित्र दोनदा उजळीत, म्हणजे २४ चे ४८ होत. हा उपाय वाचकाने ध्यानात ठेवावा, कारण शंभर वर्षांनी तोच दुसऱ्या नावाने परत येणार आहे.

दूरचित्रवाणीने झडप काढून टाकली आणि तिच्या जागी विजेची शलाका आणली. काचेच्या नळीत एक किरण डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ, वरून खाली चित्र रंगवीत उतरतो, आणि तळाशी पोहोचला की पुन्हा माथ्यावर येण्यासाठी त्याला थोडा अवकाश लागतो. चित्रे सेकंदाला किती वेळा रंगवायची हे ठरवताना ज्या त्या देशाच्या अभियंत्यांनी घरातल्या विजेकडे पाहिले. कारण विजेची आवर्तने आणि चित्राची आवर्तने जुळली नाहीत, तर पडद्यावर सावलीचा एक पट्टा सतत सरकत राहतो. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची, म्हणून तिथे चित्रही ६० चे. इंग्लंडात आणि आपल्याकडे ते ५० चे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले ते ६२५ ओळींच्या आणि सेकंदाला ५० उतारांच्या याच हिशेबाने. एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद, आणि दर उतारामागे सुमारे २५ ओळींचा, म्हणजे १.६ मिलिसेकंदांचा काळ किरणाच्या परतीसाठी राखून ठेवलेला.

हा रिकामा काळ आपल्या पिढीने प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेला आहे. कृष्णधवल संचावरचे चित्र मधूनच जिन्यावरून घरंगळल्यासारखे खाली-वर पळू लागे, घरातला एखादा जाणता ‘व्ही होल्ड’चे बटन हलक्या हाताने पिळी, आणि चित्र जागेवर बसे. पळणाऱ्या त्या चित्राच्या दोन तुकड्यांमध्ये जो काळा आडवा पट्टा दिसे, तोच किरणाच्या परतीचा अवकाश. केंद्राकडून येणारी खूण आणि संचाची स्वतःची चाल यांचा मेळ बसवणे हे त्या बटनाचे काम. खेळाडू आज ज्याला ‘व्ही-सिंक’ म्हणतात, त्यातला ‘व्ही’ आणि ‘सिंक’ दोन्ही याच बैठकीच्या खोलीतून आलेले आहेत.

आरंभीच्या चित्रखेळांत फाटणे नव्हते, याचे कारण मोठे मौजेचे आहे. १९७७ च्या अटारी यंत्राजवळ स्मृती होती अवघी १२८ बाइट. पुरते चित्र साठवून ठेवायला जागाच नव्हती. त्यामुळे किरण जी ओळ रंगवीत असे, तिचा मजकूर त्याच घटकेला पुरवावा लागे, आणि खेळाचा बाकीचा हिशेब बराचसा किरण परतत असताना उरकावा लागे. दारिद्र्यामुळे शिस्त आपोआप पाळली जात होती. पुढे स्मृती स्वस्त झाली, अख्खे चित्र साठवणारे दप्तर यंत्रात आले, आणि एका बाजूने लिहिणारा व दुसऱ्या बाजूने वाचणारा असे दोन स्वतंत्र कारभारी त्याच दप्तरावर बसले. वाचणारा निम्म्यावर असताना लिहिणाऱ्याने मजकूर बदलला, की वरचा भाग जुना आणि खालचा नवा : खांब तुटला तो इथे.

त्यावरचा पहिला बंदोबस्त साधा होता. दप्तराच्या दोन प्रती ठेवायच्या. एक दाखवायची, दुसऱ्या प्रतीवर नवे चित्र काढायचे, आणि अदलाबदल फक्त परतीच्या अवकाशातच करायची. व्ही-सिंक म्हणजे एवढेच. याने चीर मिटली. पण ६० आवर्तनांच्या पडद्यावर दर चित्राला १६.६७ मिलिसेकंदांची मुदत पडली, आणि ज्या चित्राला १७ लागले ते थेट ३३.३ पर्यंत तहकूब झाले. सुप्याच्या थांब्यावरून नगरची एस. टी. डोळ्यांदेखत निघून गेली, की उशीर एका मिनिटाचा असो वा दहा मिनिटांचा, पुढच्या गाडीपर्यंत थांबणे आलेच. शिवाय चित्रे रांगेत तयार करून ठेवण्याचा रिवाज होता. विंडोजच्या जुन्या वहिवाटीत ही रांग तीन चित्रांपर्यंत जाई, म्हणजे ६० च्या गतीला खेळाडूचा हात पडद्यावर उमटायला निव्वळ रांगेतच ५० मिलिसेकंद जात. माऊस जड होतो तो या ठिकाणी.

नळीचे पडदे जाऊन द्रवस्फटिकांचे सपाट पडदे आले. त्यांत किरण नाही, तेव्हा त्याला परतण्याचीही गरज नाही. तरीही परतीचा अवकाश संदेशात तसाच राहिला, सरकारी नमुन्यातल्या निरर्थक रकान्यासारखा नव्हे, तर पुढे उपयोगी पडणाऱ्या पडीक जमिनीसारखा म्हणावा लागेल. ऑक्टोबर २०१३ च्या सुमारास ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने ‘जी-सिंक’ जाहीर केले, जानेवारी २०१४ मध्ये एएमडीने ‘फ्रीसिंक’चा प्रयोग लॅपटॉपवर करून दाखवला, आणि त्याच वर्षी व्हेसा या मानक ठरवणाऱ्या संस्थेने ही सोय डिस्प्लेपोर्टच्या नियमांत दाखल केली. कल्पना अशी, की पुढचे चित्र तयार होईपर्यंत परतीचा अवकाश लांबवीत न्यायचा. आजवर चित्रकार पडद्यासाठी तिष्ठत होता, आता पडदा चित्रकारासाठी तिष्ठू लागला. विजेच्या ५० आणि ६० च्या अंमलाखालून चित्र सुटले, आणि हाताने दांडा फिरवणाऱ्या चालकाची लवचिकता, दूरच्या नात्याने का होईना, परत आली. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाने दुसऱ्या घराण्याचे पडदेही मान्य केले, तेव्हा ही सोय महागड्या संचांपुरती उरली नाही.

या व्यवस्थेला हद्द मात्र आहे. समजा, पडद्याची कक्षा ४८ ते १४४ आवर्तनांची आहे. खेळाची गती ४० वर घसरली, तर तेच चित्र दोनदा दाखवून ८० करतात, आणि दोन पात्यांची झडप इथे पुन्हा कामावर हजर होते. गती १४४ च्या वर गेली, तर जुनी फाट किंवा जुना विलंब, दोहोंपैकी एक परत येतो. म्हणून जाणते खेळाडू १४४ च्या पडद्यावर गतीला १४१ चा लगाम घालतात. रांगेचा प्रश्न वेगळा सोडवावा लागला : एनव्हिडियाच्या २०२० च्या ‘रिफ्लेक्स’ने चित्राचे काम मुद्दाम उशिरा सुरू करून, हाताची हालचाल शक्य तितकी ताजी घेण्याची रीत घातली. माऊसही सेकंदाला १२५ ऐवजी १००० वेळा खबर देऊ लागला, तेव्हा ८ मिलिसेकंदांची जास्तीत जास्त दिरंगाई एकावर आली.

एवढे होऊनही निशाणेबाजीच्या स्पर्धेत उतरणारे कित्येक खेळाडू व्ही-सिंक बंद ठेवतात आणि फाट पत्करतात. त्यांचा हिशेब अगदीच अडाणी नाही : २४० आवर्तनांच्या पडद्यावर एक चीर सुमारे ४ मिलिसेकंदांच्या वर टिकत नाही, आणि चिरेखालच्या भागात जे दिसते ते वरच्यापेक्षा नवे असते. प्रतिस्पर्धी भिंतीआडून डोकावला असेल, तर तो त्या खालच्या अर्ध्यात आधी दिसतो.