शिंदखेड्याचा शकार आणि इंग्रजी दप्तरांतील खानदेशचीं स्थलनामें

इंग्रजी अंमलाच्या प्रारंभींचे खानदेशविषयक कागद चाळणारास पहिली अडचण पडते ती गांवें ओळखण्याची. मोडी कागद कितीही किचकट असो, त्यांतील नांव एकदां लागलें म्हणजे त्या बाजूचा कोणीही वृद्ध मनुष्य तें ऐकतांच ओळखतो. उलट स्वच्छ छापलेल्या इंग्रजी ग्रंथांतील नांव अक्षरशः वाचून दाखविलें तर खुद्द त्या गांवच्या पाटलासही तें परकें वाटावें. साहेबाचें अज्ञान, एवढेंच ह्याचें कारण सांगून पुष्कळ लोक मोकळे होतात. आमच्या मतें ही गोष्ट इतकी सोपी नाहीं.

बुराई नदीच्या कांठचें शिंदखेडा हेंच नांव घ्या. इंग्रजी लेखनांत ह्याच्या आरंभीं ‘एस्’ हें अक्षर एकटेंच येतें, ‘एच्’ची जोड त्यास नाहीं, म्हणजे वाचावयाचें ‘सिंदखेडा’. विधानसभेच्या मतदारसंघाच्या इंग्रजी नांवांतही तो सकारच राहिला आहे. आतां मराठीचा स्वभाव असा कीं, मूळच्या सकारापुढें इकार आला म्हणजे तो बहुधा तालव्य होतो. संस्कृत सीव्यति, मराठी शिवणें. संस्कृत सिध्यति, मराठी शिजणें. हिंदींत हाच विकार होत नाहीं, तेथें सीना आणि सीझना असेंच म्हणतात. कंपनीच्या अधिकाऱ्यांजवळ जे मुनशी असत ते फारसी-हिंदुस्थानी शिकलेले. त्यांच्या तोंडून गेलेलें नांव सकारानेंच कागदावर उतरावें हें साहजिक आहे. ह्यास बळकट जोड म्हणजे शिंदे हें आडनांव. ग्वाल्हेरच्या ह्या घराण्याचें नांव इंग्रजींत ‘सिंधिया’ झालें, आणि त्यांतही आरंभींच्या सकारापुढें एक अनुच्चारित ‘सी’ चिकटला. तेव्हां शिंदखेड्याचा सकार हा ऐकण्याचा दोष नसून एका भाषेचें नांव दुसऱ्या भाषेच्या द्वारें तिसरींत गेल्याची खूण आहे. शिंदी वृक्षावरून आणि संस्कृत खेट शब्दावरून हें ग्रामनाम सिद्ध झालें असावें असा आमचा तर्क आहे. सिंध देशाशीं अगर सिंधु शब्दाशीं त्याचा संबंध जोडण्याचा मोह रोमन अक्षरें पाहूनच होतो.

ह्यांत खरा धोका ओळख चुकण्याचा आहे. वऱ्हाडांतील सिंदखेड, म्हणजे लखुजी जाधवांचें व जिजाबाईंचें, आणि आमचें शिंदखेडा ह्यांच्या रोमन लेखनांत शेवटच्या एका स्वराचाच काय तो फरक. घाईनें नक्कल करणारानें तो गाळला कीं बुलढाण्याचा कागद धुळ्यास आलाच!

इंग्लंडांतील स्थलनामांचा प्रकार ह्याच्या अगदीं उलट आहे. ज्यास तेथील लोक ‘वुस्टर’ म्हणतात तें गांव लिहितांना ‘वॉर्सेस्टर’ दिसतें. ‘लेस्टर’ व ‘ग्लॉस्टर’ ह्यांची तीच तऱ्हा. तीं स्पेलिंगें मुलांकडून घोकवून घेतांना आम्हांस पुष्कळ सायास पडले आहेत. परंतु त्या अनुच्चारित अक्षरांत लॅटिन ‘कास्त्रा’, म्हणजे लष्कराची छावणी, हा शब्द दडलेला आहे. जिभेनें तो झिजविला, लेखनानें राखला. तेव्हां तेथील संशोधकास लेखन हें उच्चाराहून जुनें प्रमाण होय. खानदेशांत गांवकऱ्याची जीभ जुनी आणि रोमन लेखन कालपरवांचें. म्हणून येथें प्रमाण मानावयाचें तें जिभेस व मोडी दप्तरास.

तरी हीं इंग्रजी रूपें निव्वळ टाकाऊ समजूं नयेत. इ. स. १८१८ मध्यें ज्या मालेगांवास वेढा पडला तें त्या वेळच्या इंग्रजी कागदांत ‘मल्लीगॉम’ आहे. १८०३ च्या नोव्हेंबरांत जेथें लढाई झाली तें वऱ्हाडांतील अडगांव ‘आरगॉम’ आहे. (डकाराचा रकार झाल्यामुळें मराठींत उलटून घेणारा ‘आरगांव’ लिहून बसतो.) शेवटीं हा मकार कोठून आला? पोर्तुगीज लेखनांत शब्दान्तींचा ‘एम्’ हा पूर्वींचा स्वर सानुनासिक असल्याचें दाखवितो. वसई व पणजी ह्यांच्या पोर्तुगीज लेखनांत शेवटीं असाच ‘एम्’ असे, आणि ‘पंजिम’ म्हणणारे त्याचा उगीच मकार करीत. ‘गॉम’ मधील मकारही ह्याच वळणाचा असून तो ‘गांव’ शब्दांतील अनुस्वाराची साक्ष देतो, असें आम्हांस वाटतें. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार मराठींतून गेले. परक्याच्या लेखणींत मात्र तो असा अडकून राहिला.

धुळ्याचें ‘धुलिया’ हेंही विचार करण्यासारखें आहे. ठाणें, पुणें ह्यांचीं ठाणा, पूना हीं रूपें हिंदुस्थानी वळणाचीं, हें उघड आहे. परंतु त्या न्यायानें ‘धुला’ व्हावयास पाहिजे होतें. ‘धुळ्यास’, ‘धुळ्याचा’ असें सामान्यरूपच लोकांच्या तोंडीं अधिक येतें आणि नवख्याच्या कानीं तेंच पडतें. ‘धुलिया’ हें त्या ‘धुळ्या’चेंच रूप असावें. ळकार रोमन लिपींत नाहींच, त्यामुळें जळगांवचाही लकार झाला.

पुढें विल्यम हंटर ह्यांनीं १८७१ सालीं हिंदी विशेषनामांच्या रोमन लेखनाची पद्धति लावून दिली. तिनें स्वरांचा घोटाळा पुष्कळ आटोक्यांत आला. पण रूढ झालेलीं बाँबे, पूना असलीं नांवें तशींच ठेविलीं, आणि नित्याच्या छपाईंत खुणांचे टिंब गाळल्यामुळें ट-त, ड-द, ण-न हे भेद बुडाले ते बुडालेच.

संग्राहकांस आमची विनंती एवढीच कीं, इंग्रजी कागदाची सूची करतांना मूळचें स्पेलिंग अक्षरास अक्षर उतरून घ्यावें व निश्चित केलेलें मराठी नांव त्याच्या शेजारीं निराळें द्यावें. एकाच्या जागीं दुसरें घालूं नये. शिंदखेडें तालुक्याची माहिती शोधणारांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें. कँबेल ह्यांनीं संपादिलेल्या खानदेशच्या १८८० च्या गॅझेटियरांत हा तालुका शिंदखेडा ह्या नांवाखालीं नाहींच. तेथें तो विरदेल ह्या त्याच तालुक्यांतील गांवाच्या नांवानें दिला आहे.