टाकलेलीचा रकाना

घटस्फोट वाढले, आता कुटुंबसंस्थेचं काही खरं नाही, असं कुणी म्हणालं की मी ‘वाढले’ या शब्दापाशी अडतो. आधी किती होते? ते कुणी मोजले, कोणत्या वहीत लिहिले? मित्रहो, मी कवी माणूस, गणिताशी माझं फारसं सख्य नाही. पण लग्न आणि घटस्फोटाच्या आकड्यांचा आपल्याकडचा इतिहास चाळताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आकडा येण्याआधी त्याच्यासाठी रकाना आखावा लागतो. ज्याला रकाना नाही, ते दुःख सरकारदरबारी घडलेलंच नसतं.

पूर्वी घटस्फोट नव्हतेच, हा समज आपण आधी बाजूला ठेवू. काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत हे शब्द काही काल-परवाचे नाहीत. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला, १८२७ साली, आर्थर स्टील या अधिकाऱ्याचा दख्खनमधल्या जातींच्या रूढींवरचा ग्रंथ आला. त्यात फारकतीचे आणि पाटाचे रिवाज नोंदलेले आहेत. कष्टकरी जातींत पंचांसमोर संसार मोडत होते आणि पुन्हा मांडलेही जात होते. हिंदूंमध्ये कायद्याने घटस्फोट येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. मुसलमानांत तलाक होता, स्त्रीने मागायचा खुलाही होता. पण पंचांच्या तोंडी निवाड्यांची आणि घराच्या उंबऱ्यावर उच्चारलेल्या तलाकची देशभराची बेरीज कुणी केली नाही. त्या काळाचा घटस्फोटाचा दर आज कुणी सांगू लागला, तर त्याला हात जोडावेत.

कायद्याची दारं हळूहळू उघडली. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. १९३९च्या कायद्याने मुस्लिम स्त्रीला न्यायालयात जाऊन विवाह रद्द करून मागता येऊ लागला. मुंबई प्रांतात १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला, १९५५ साली हिंदू विवाह कायदा आला आणि १९७६ साली त्यात परस्पर संमतीच्या घटस्फोटाची सोय झाली. दार उघडलं की आत कोंडलेली माणसं बाहेर येणारच. बाहेरची गर्दी पाहून ‘संसार मोडायला लागले’ म्हणणाऱ्याने ते आत किती वर्षं मोडून पडले होते, हेही विचारायला हवं.

आकडे कसे चकवतात, याचं एक उदाहरण लग्नांचंही आहे. हरविलास सारडा यांच्या प्रयत्नाने बालविवाहाला आळा घालणारा कायदा १९२९ साली संमत झाला. मुलीचं किमान वय १४, मुलाचं १८. अंमल मात्र १ एप्रिल १९३० पासून. मधल्या काही महिन्यांत लोकांनी घाईघाईने पोरं उजवून टाकली. १९३१ची जनगणना झाली तेव्हा पंधरा वर्षांखालच्या विवाहित मुलींची संख्या दहा वर्षांपूर्वीच्या सुमारे ८५ लाखांवरून १ कोटी २० लाखांच्या वर गेली होती. नुसता आकडा वाचणारा म्हणेल, कायद्याने बालविवाह वाढले. खरं तर कायद्याच्या भीतीने पुढच्या काही वर्षांची लग्नं एका वर्षात उरकून घेतली होती.

आणि तरीही काळ बदललाच. वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण २००५-०६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ४७ टक्के होतं. २०१९-२१च्या सर्वेक्षणात ते २३ टक्क्यांवर आलं. हा आकडा आनंदाचा आहे. तो अजून शून्यावर आलेला नाही, ही शरमेची बाब आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. २००१च्या जनगणनेत ‘घटस्फोटित किंवा विभक्त’ असा एकच रकाना होता. २०११ साली त्याचे दोन झाले. त्यात घटस्फोटित निघाले सुमारे साडेतेरा लाख आणि विभक्त सुमारे पस्तीस लाख. म्हणजे कागदावर मोडलेल्या संसारांपेक्षा कागदाविना मोडलेले संसार अडीच पटींहून अधिक. आपला घटस्फोटाचा दर जगात अगदी कमी, असं आपण अभिमानाने सांगतो, तेव्हा हे पस्तीस लाख त्या दरात नसतात.

आणखी एक हिशेब पाहा. एक घटस्फोट झाला की एक पुरुष आणि एक स्त्री घटस्फोटित होते. मग दोघांची संख्या सारखी हवी. पण या दोन्ही रकान्यांत बायका पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आहेत. मग बाकीचे पुरुष गेले कुठे? बरेचसे पुन्हा बोहल्यावर चढले आणि ‘विवाहित’च्या रकान्यात जाऊन बसले. बाई मात्र जिथे होती तिथेच राहिली.

मराठीत तिला ‘टाकलेली’ म्हणतात. आमच्या दखनीत ‘छोडेली’. दोन्ही भाषांची घडण वेगळी, पण या शब्दाबाबत त्यांचं एकमत आहे. ‘टाकलेला नवरा’ असा शब्दप्रयोग मी गावात कधी ऐकला नाही.

मुस्लिम बायकांच्या तलाकचा प्रश्न हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधानभवनावर नेला. त्या मोर्चात सात स्त्रिया होत्या. सात हाही एक आकडाच, आणि माझ्या लेखी फार मोठा. पुढे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला, २०१९ साली तो गुन्हा झाला. त्या वादात एका बाजूचे लोक तलाक मिळालेल्या मुस्लिम बायकांचं प्रमाण दाखवत होते, दुसऱ्या बाजूचे टाकलेल्या हिंदू बायकांची संख्या. दोघांच्या हातात एकच जनगणना होती. तिच्यातल्या बाईच्या पोटगीचं, घराचं, पोरांच्या फीचं काय, हे विचारायला दोघांनाही सवड नव्हती. मला दोन्हींची लाज वाटली.

महाराष्ट्राने याहून चांगली वाट पाहिली आहे. १९८८ साली संगमनेरला परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली. अॅड. निशा शिवूरकर यांनी ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ या पुस्तकात त्या चळवळीचा इतिहास लिहिला आहे. बायका एकत्र आल्या, मोठ्याने बोलल्या, म्हणून त्यांची गणती व्हायला हवी हे इतरांना कळलं.

२०२१ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, ती २०२७वर गेली. प्रगणक दारात येतो तेव्हा बहुधा घरातला कर्ता पुरुष उत्तरं देतो. बहीण माहेरी परत आलेली असते, आणि चारचौघांत कशाला, म्हणून भाऊ ‘विवाहित’ असं सांगून मोकळा होतो. एका शब्दात तिची दहा वर्षं पुसली जातात. तेव्हा आपल्या घरी अशी कुणी असेल, तर त्या प्रश्नाचं उत्तर तिचं तिला देऊ द्या. रकाना आता आहे. त्यात काय लिहायचं, ते तिला ठरवू द्या.