क्रँकच्या टोकाचे बेअरिंग

क्लचचे कार्य शिकवताना आपण फळ्यावर तीन भाग काढतो: इंजिनाबरोबर फिरणारे फ्लायव्हील, त्याला चिकटणारी क्लचप्लेट आणि प्लेटमधून गिअरबॉक्सकडे जाणारा शाफ्ट. या शाफ्टचे पुढचे टोक कशावर टेकलेले असते, हे मात्र आकृतीत सहसा दाखवलेले नसते. ते टोक क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला कोरलेल्या भोकात, अंगठ्याएवढ्या एका बेअरिंगमध्ये बसते. त्याला पायलट बेअरिंग म्हणतात. मोटारीच्या इतिहासात ते आले, काही गाड्यांतून नाहीसे झाले आणि गिअरबॉक्स बदलणाऱ्या मिस्त्रींना पुन्हा पुन्हा भेटत राहिले.

1891 साली फ्रान्समध्ये पानार-लेव्हासॉर यांनी इंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे गिअरबॉक्स आणि जोर मागच्या चाकांना अशी मांडणी केली. पुढे बहुतेक मोटारींनी हीच मांडणी उचलली. तीत इंजिन आणि गिअरबॉक्स असे दोन वेगळे शाफ्ट एका रेषेत ठेवावे लागतात. गिअरबॉक्सच्या शाफ्टला मागे आधार असतो. पुढचे टोक मोकळे ठेवले तर क्लचप्लेटच्या वजनाने आणि धक्क्यांनी ते डुगडुगते. म्हणून पुढचा आधार क्रँकमध्येच दिला गेला.

या बेअरिंगचे काम मोठे गमतीचे आहे. गाडी ताशी 60 किलोमीटर वेगाने धावत असताना क्रँक आणि शाफ्ट दोन्ही सारख्याच वेगाने फिरतात. म्हणजे बेअरिंगच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंत सापेक्ष गती शून्य! सिग्नलला आपण पहिला गिअर टाकून क्लच दाबून थांबतो, तेव्हा क्रँक मिनिटाला सुमारे 800 फेरे घेत असतो आणि शाफ्ट स्थिर असतो. बेअरिंगचे खरे काम तेवढ्याच वेळात चालते. सापेक्ष गती शिकवायला याहून चांगले उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

काम थोडा वेळ, पण जागा अशी की एकदा इंजिन-गिअरबॉक्स जोडल्यावर तिथे तेल घालता येत नाही. पूर्वी तिथे साधा गनमेटलचा बुश असे. 1930 च्या सुमारास अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने सच्छिद्र कांस्याचे बुश आणले. धातूची भुकटी दाबून आणि भाजून ते तयार होतात; त्यांच्या आकारमानाचा सुमारे पाचवा हिस्सा छिद्रांचा असतो आणि त्यात तेल मुरवलेले असते. अशा बुशाला ग्रीस फासू नये, कारण छिद्रे बुजतात. काही गाड्यांत याच जागी बॉल बेअरिंग किंवा नीडल बेअरिंग असते. नीडल बेअरिंगे भारतात तयार व्हावीत यासाठी 1965 साली फ्रेंच सहकार्याने निघालेली एनआरबी ही कंपनी आपल्या महाराष्ट्रातलीच.

1939 च्या अखेरीस अमेरिकेत ओल्ड्समोबिल गाडीत 'हायड्रामॅटिक' हा स्वयंचलित गिअरबॉक्स आला. पुढच्या स्वयंचलित गाड्यांत क्लचची जागा टॉर्क कन्व्हर्टरने घेतली. त्याचा पुढचा गट्टू थेट क्रँकच्या भोकात टेकतो, त्यामुळे पायलट बेअरिंग लागत नाही. काही इंजिनांत तर ते भोक बेअरिंगच्या मापाला पुरे कातलेलेही नसते. अशा गाडीला हाताचा गिअरबॉक्स बसवायचा, तर पातळ पत्र्याच्या चकतीऐवजी जड फ्लायव्हील लावावेच लागते. पण हे बेअरिंग बसवायचे राहून गेले, तर सारी मेहनत वाया जाते.

नाशिक परिसराचा या विषयाशी संबंध जीपमुळे येतो. 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे नाशिक जिल्ह्यात सातपूरला त्यांचा मोटारींचा आणि इगतपुरीला इंजिनांचा कारखाना उभा राहिला. मूळ जीप पेट्रोलची होती. 1970 च्या दशकात तीत ट्रॅक्टरचे इंटरनॅशनल डिझेल इंजिन बसू लागले आणि 1979 मध्ये प्यूजोशी झालेल्या करारामुळे एक्सडीपी 4.90 हे डिझेल इंजिन आले. डिझेल स्वस्त, म्हणून जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवण्याची कामे गॅरेजमध्येही होऊ लागली.

इथे प्रश्न उलट बाजूने तोच उभा राहतो. इंजिन एका घराण्याचे, गिअरबॉक्स दुसऱ्या. क्रँकचे भोक मोठे, शाफ्टचे टोक लहान. मध्ये जाड अडॅप्टर प्लेट घातली की गिअरबॉक्स तेवढा मागे सरकतो आणि शाफ्टचे टोक भोकापर्यंत पोहोचतच नाही. उपाय लेथवर: बाहेरून क्रँकच्या, आतून शाफ्टच्या मापाचा, पुढे आलेला लांब बुश कातायचा. दोन्ही शाफ्टच्या अक्षांत फरक राहिला, तो 0.1 मिलिमीटरच्या आसपास असला तरी, बुश लवकर झिजतो.

बुश काढण्याची मिस्त्रींची रीत म्हणजे पास्कलचा नियमच. बुशामागच्या पोकळीत ग्रीस भरायचे, भोकात घट्ट बसणारी सळई घालून हातोडा मारायचा. बुशाचा आतला व्यास 15 आणि बाहेरचा 25 मिलिमीटर धरला, तर ग्रीस ज्या कड्यावर दाबते त्याचे क्षेत्रफळ सळईच्या क्षेत्रफळाच्या 400 भागिले 225, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. तेवढ्याच पटीने वाढलेला जोर बुशाला मागून बाहेर ढकलतो.

नवा बुश बसवण्याआधी फ्रीजरमध्ये ठेवतात. तापमान 40 अंशांनी उतरले, तर 25 मिलिमीटर व्यासाचे कांस्य सुमारे 0.018 मिलिमीटर आकसते. डोळ्यांना न दिसणारी ही फट बुश सहज आत जायला पुरते.

बेअरिंग अडकले, तर क्लच दाबूनही शाफ्ट फिरत राहतो, पहिला आणि रिव्हर्स गिअर करकरतात आणि मालक क्लचप्लेटला दोष देतो. ते बसवलेच नसेल, तर शाफ्ट डुगडुगून गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग आधी जाते. दोन्ही वेळा पुन्हा सारा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. स्वस्तातल्या भागाची किंमत अशी दोन-तीन दिवसांच्या मजुरीत मोजावी लागते.

पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या बऱ्याच लहान मोटारींत शाफ्टचे दोन्ही आधार गिअरबॉक्समध्येच असतात. तिथे पायलट बेअरिंग नसते. विजेच्या मोटारींत तर बहुधा क्लचच नसतो. जवळच्या गॅरेजमध्ये जीपचा गिअरबॉक्स उतरलेला असेल, त्या दिवशी विद्यार्थ्यांना घेऊन जाण्यासारखे आहे. क्रँकच्या टोकाचे भोक त्यांना दाखवावे आणि विचारावे: गाडी धावत असताना यातले बेअरिंग फिरते का?