पौडची ग्रामसभा, 1963

एसटी पिरंगुटचा घाट धापा टाकत चढते. भूगाव, भुकूम मागे पडलंय. दोन्ही बाजूंना नुसती भातखाचरं, बंगला एकही नाही. पौडला तुम्ही उतरता तेव्हा हलगी वाजत असते. कोतवाल दवंडी देतोय: आज रातच्याला सभा हाये हो!

मे संपत आलाय, साल 1963. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचा कायदा 1 मे 1962 ला लागू झाला, त्यामुळे पौडला मामलेदार कचेरीच्या जोडीला आता पंचायत समितीही आहे. गावात त्याचं अप्रूप अजून ओसरलेलं नाही.

रात्री देवळापुढे पेट्रोमॅक्सच्या उजेडात तुम्ही सतरंजीच्या कडेला टेकता. विषय ओढ्यावरच्या साकवाचा. पाऊस लागला की पलीकडच्या वस्तीतल्या पोरांची शाळा बुडते. ग्रामसेवक ठराव लिहून मोठ्यानं वाचतो. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. मग प्रोसिडिंग बुक फिरतं. एक म्हातारा अंगठा शाईच्या पॅडवर दाबतो, कागदावर टेकवतो, आणि उठलेल्या रेघा डोळ्यांजवळ नेऊन बघतो.

"टाटाच्या धरनाच्या वक्ताला आमास्नी कुनी इचारलं न्हाई," तो तुम्हाला सांगतो. 1921 साली सेनापती बापटांच्या मागे तो सत्याग्रहाला बसला होता. सरकारनं कंपनीसाठी जमिनी घेतल्या, वरचं खोरं पाण्याखाली गेलं. त्याच माणसाला आज ठराव वाचून दाखवलाय. त्या अंगठ्याचं मोल इथं बसल्यावर कळतं.

पण मागे वळून बघा. बायका भिंतीआड उभ्या आहेत. पाण्याचा विषय निघतो तेव्हाही, रोज हंडे वाहणाऱ्या त्याच असून, कुणी त्यांना विचारत नाही. निम्म्या जागा त्यांना मिळायला 2011 उजाडणार आहे. काहीजण पायरीखाली बसलेत, सतरंजी रिकामी असूनही. ही रात्र जशीच्या तशी परत मागू नका.

मात्र पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, आणि ते आत सलतं. याच तालुक्यातली बावधन, सूस, म्हाळुंगे ही गावं 2021 साली पुणे महापालिकेत जातील. 2022 साली जिल्हा परिषदेची आणि पंचायत समितीची मुदत संपेल, निवडणुका लांबतील आणि खुर्चीत प्रशासक बसेल. तक्रार मोबाइलवरून जाईल, तिला नंबर मिळेल; ती कुणी वाचली, हे मात्र समजणार नाही.

इथं समितीचा सदस्य समोरच मांडी घालून बसलाय.

"साकवाचं कवा?" म्हातारा विचारतो.

"मंगळवारी अर्ज घेऊन समितीत या, मी असतो."

"आन् न्हाई झालं तर?"

"तर पुढच्या सभेत मला इथंच उभं करा, आबा."

"करू की," म्हातारा म्हणतो, आणि सगळी सभा मान डोलावते.