आपली दाढी, आपला हात

सकाळी आरशासमोर उभे राहून स्वतःची दाढी स्वतः करणे ही आज इतकी साधी गोष्ट झाली आहे, की तिलाही काही इतिहास असेल असे मनात येत नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या राधानगरी भागातल्या एखाद्या खेड्यात स्वतःची दाढी स्वतः करणारा माणूस शोधूनच काढावा लागला असता. दाढी हे न्हाव्याचे काम. तो बारा बलुतेदारांपैकी एक. काखेत धोकटी मारून तो दारात येई. धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी, आरसा, पाण्याची वाटी आणि धार लावायचा दगड. या कामाचे मोल रोख मिळत नसे. सुगीत खळ्यावर त्याच्या वाट्याचे धान्य बाजूला काढले जाई.

आपल्या भाषेनेही या धंद्याच्या आठवणी जपल्या आहेत. 'वस्तरा' हा शब्द फारसी 'उस्तुरा'वरून आला. 'हजामत' अरबीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ तुंबडी लावून रक्त काढणे असा आहे. दाढी करणारा हात आणि छोटीमोठी शस्त्रक्रिया करणारा हात पूर्वी एकच होता. आणि 'बिनपाण्याने हजामत करणे' हा वाक्प्रचार तर निव्वळ अनुभवाचे बोल आहेत. कोरडा केस चिवट असतो. पाणी प्यायला की तो फुगतो, मऊ होतो आणि सहज कापला जातो. म्हणून जाणता कारागीर वस्तऱ्याला हात घालण्याआधी गालावर बराच वेळ पाणी चोळत बसे. मग डाव्या हाताने कातडी ताणायची, पाते जवळजवळ आडवे ठेवायचे आणि दाब न देता फिरवायचे. ही विद्या बोटांत मुरायला वर्षे लागत.

गळ्यावर पाते ठेवू देणे हा विश्वासाचा व्यवहार. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात शिवरायांचे सोंग घेऊन मरणाला सामोरे गेलेले नेबापूरचे शिवा काशीद हे याच समाजातले. पण वस्तरा ज्याच्या हातात, त्याच्या हातात नकारही असतो. या नकाराची दोन रूपे महाराष्ट्राने पाहिली.

एक रूप १८९० सालचे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार केला. ज्या हातांकडून हे काम करून घेतले जात होते, त्या हातांनीच ते नाकारले. हा नकार माणुसकीचा होता.

दुसरे रूप त्याच काळातले, साताऱ्याचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणाविषयी लिहून ठेवले आहे की, घरातल्या मुलांचे केस थोरली बहीण घराच्या ओट्यावर बसवून कापत असे. गावात न्हावी नव्हते असे नाही, पैसे नव्हते असेही नाही. अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कोणी तयार नव्हते. यात केवळ न्हाव्याला दोष देऊन चालणार नाही. त्याने तसे केले असते तर गावाने त्याच्यावरच बहिष्कार घातला असता. तोही त्याच उतरंडीत अडकलेला होता.

याच सुमारास सातासमुद्रापार अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट नावाचा एक फिरता विक्रेता वेगळ्याच विचारात होता. वापरून फेकून द्यावे असे स्वस्त पाते काढता आले तर गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येईल, हा त्याचा हिशेब. संरक्षक कड असलेले वस्तरे त्याआधीही निघाले होते, पण त्यांच्या पात्याला धार लावत बसावे लागे. कागदासारख्या पातळ पोलादाला टिकाऊ धार आणण्याचे काम विल्यम निकर्सन या अभियंत्याने तडीस नेले. १९०३ साली ५१ यंत्रे आणि १६८ पाती विकली गेली. पुढच्याच वर्षी यंत्रांचा आकडा नव्वद हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांना ही यंत्रे दिली आणि घरी परतलेल्या जवानांबरोबर दाढी स्वतः करण्याची सवयही घरोघर गेली.

या यंत्राची खुबी साधी आहे. पातळ पाते दोन पत्र्यांत दाबले की बाक घेते आणि त्यामुळे ताठ होते. खालची कड कातडी ताणून धरते, म्हणजे कारागिराच्या डाव्या हाताचे काम करते. पात्याचा कोनही बऱ्याच अंशी यंत्रच ठरवते. वर्षांची विद्या मूठभर धातूत उतरली.

बऱ्याच अंशी म्हटले, कारण उरलेली विद्या आपल्यालाच शिकावी लागते. आधी कोमट पाण्याने दाढी चांगली भिजवावी. ब्रशने साबणाचा दाट फेस करावा. मूठ हलकी धरावी, पाते गालाशी साधारण तीस अंशांत राहू द्यावे आणि केसांच्या दिशेने आखूड हात फिरवावेत. जोर देऊ नये, यंत्राचे वजन पुरते. अधिक गुळगुळीत हवी असेल तर पुन्हा फेस लावून आडवा हात फिरवावा. शेवटी गार पाणी आणि तुरटीचा खडा. जुनी पाती साध्या पोलादाची, आमच्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात लगेच गंजायची. १९६० नंतर स्टेनलेस पाती आली आणि ती तक्रार सरली.

ज्याला गावात नकार मिळत होता, त्याच्या दृष्टीने हे दोन धारांचे पाते मोठीच सोय होती. ना कोणाची मनधरणी, ना कोणाचा विटाळ. पण सोय म्हणजे न्याय नव्हे. पात्याने दाढीचा प्रश्न सुटला, डोक्यावरच्या केसांचा सुटला नाही. स्वतःचे केस स्वतः कोण कापणार? शिवाय घरी सोय झाली म्हणून दुकानाचे दार उघडत नाही. शाहू महाराजांना हे पक्के ठाऊक होते. म्हणूनच कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या दुकानासमोर थांबून ते सर्वांदेखत चहा घेत. पुढे २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेत 'दुकान' या शब्दाविषयी शंका निघाली, तेव्हा बाबासाहेबांनी खुलासा केला की हा शब्द व्यापक अर्थाने योजला आहे, सेवा देणारा प्रत्येकजण त्यात येतो. ज्याच्या बहिणीला ओट्यावर भावंडांचे केस कापावे लागले, त्यानेच हा अर्थ सांगावा यात मोठा न्याय आहे. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने अशी सेवा नाकारणे हा गुन्हा ठरवला.

आज सलूनमध्ये कारागीर तेच दोन धारांचे पाते मधोमध मोडतो आणि अर्धे पाते वस्तऱ्याच्या मुठीत बसवतो. एड्सच्या भीतीने दर गिऱ्हाइकाला नवे पाते हा आग्रह वाढला. जिलेटचे पाते आणि गावाचा वस्तरा असे एका मुठीत आले. आरशासमोरच्या आपल्या दाढीला ज्याच्या विद्येचा आधार आहे, त्या कारागिराला मान मिळावा. आणि त्याच्या खुर्चीत कोणी बसावे हे जातीने ठरू नये. एवढे झाले तरच ही साधी सोय खऱ्या अर्थाने सर्वांची होईल.