घमेल्यातला पडसाद

गणपतीच्या दिवसांत मुकुटबनला एका ऑर्केस्ट्राच्या तालमीला बसलो होतो. मधेच गिटारवाल्या पोराच्या अँपचा आवाज निम्म्यावर आला आणि सगळ्यांनी त्याच्या डिले पेडलवर आळ घेतला. "काहून बे, गेलं वाटते तुह्यं पेडल!" पेडल काढून बाजूला ठेवलं, तरी आवाज बसलेलाच. अँपच्या पाठीमागे इफेक्ट लूपची दोन भोकं असतात, एक सेंड आणि एक रिटर्न. मी वीतभर केबल घेऊन सेंडमधून सरळ रिटर्नमध्ये खोचली, तर आवाज पुन्हा पहिल्यासारखा.

लूपमध्ये काहीच लावलेलं नसतं तेव्हा आवाज रिटर्नच्या जॅकमधल्या एका चिमुकल्या पत्रीवरून पुढं जातो. हा सगळा मुलूख चुनखडीचा आणि कोळशाचा. धुळीचं पुट पत्रीवर चढलं होतं, एवढंच. जॅक साफ केला, काम झालं. पोरगं म्हणालं, "काका, पण त्या पेडलात असते तरी काय जी? आवाज उशिरा कसा येते?" मी म्हटलं, "स्लॅब टाकताना घमेल्यांची रांग पाहिली ना? तेच."

बोलून गेलो ते वेळ मारून न्यायला. पुढं वाचताना कळलं की ज्यांनी हा शोध लावला, त्यांनीही हीच उपमा घेतली होती. तेव्हापासून मी या रांगेच्या नादी लागलो आहे.

डिलेचं कूळ सांगताना सगळे टेपपासून सुरुवात करतात. १९५० च्या दशकात अमेरिकेत रे बट्स यांनी अँपच्या पोटातच टेपचा इको बसवला, मग एकोप्लेक्स आलं, १९७४ ला रोलँडचं स्पेस एको. ही सगळी मंडळी थोर, पण माझ्या मते हे पेडलचं आजोळ, वडिलांचं घराणं वेगळं. टेपमध्ये आवाज लिहून ठेवतात आणि जरा पुढं जाऊन वाचतात. अॅनालॉग पेडलमध्ये लिहिणं-वाचणं नाहीच, हातोहात देणं आहे. दुसरा दावेदार नळीचा. १९७१ साली कूपर टाइम क्यूब नावाचं यंत्र निघालं, त्यात आवाज प्लॅस्टिकच्या नळीच्या वेटोळ्यातून पाठवून उशीर करत. तीसेक मिलिसेकंदांपलीकडे त्याची मजल नव्हती. कल्पना झकास, वंश मात्र तिथंच खुंटला.

खरी रांग लागली १९६९ मध्ये, हॉलंडच्या फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत. सँग्स्टर आणि टीअर या दोघांनी एकापुढे एक कपॅसिटर मांडले आणि प्रत्येकानं आपल्याजवळचा विद्युतभार शेजाऱ्याला द्यायचा असा नियम घातला. नाव दिलं बकेट ब्रिगेड: आग विझवायला विहिरीपासून घरापर्यंत माणसं उभी राहून बादल्या पुढं सरकवतात, ती रांग. मात्सुशिता कंपनीच्या एमएन ३००५ या चिपमध्ये असे ४०९६ टप्पे आहेत. घड्याळाचा ठोका सेकंदाला दहा हजार ठेवला तर आवाज २०४.८ मिलिसेकंद उशिरा बाहेर पडतो.

आता हिशेब करा. ४०९६ ला दहा हजारांनी भागलं तर ४०९.६ यायला हवेत. निम्मेच का? उत्तर स्लॅबवर उभं आहे. भरलेलं घमेलं घ्यायचं तर हात रिकामे हवेत. म्हणून कुठल्याही क्षणी रांगेतले निम्मे गडी भरलेले, निम्मे रिकामे. चिपमध्ये हेच: ठोक्याच्या पहिल्या अर्ध्यात सम टप्पे देतात तेव्हा विषम घेतात, आणि दुसऱ्या अर्ध्यात उलट. म्हणजे एका ठोक्यात माल दोन टप्पे पुढं. शिवाय हात बदलताना थोडा माल सांडतोच. असल्या पेडलचा पडसाद मऊ, जरा मळका येतो, तो काहीसा याच सांडण्यामुळे.

डच लोकांनी रांगेत बादली धरली. आपण घमेलं धरतो. आणि इथं मला ती गोष्ट सापडली जिच्यासाठी हा सगळा खटाटोप.

बादली हा शब्द पोर्तुगीज. 'बाल्द'ची बालदी झाली, बालदीची अक्षरं उलटून बादली. हे सर्वमान्य आहे. मिस्त्रीही तिकडचाच, 'मेस्त्रे'. पाण्याचं पिंप 'पिपा'चं. शनिवारी मिळणारा पगारसुद्धा. म्हणजे अख्खं बांधकाम पोर्तुगीज बोलतंय, मग एकटं घमेलं देशी कसं? पोर्तुगीजमध्ये 'गामेला' म्हणजे लाकडी पसरट भांडं. मूळ लॅटिन 'कामेला', वाडगा. फ्रेंच शिपायाच्या जेवणाच्या डब्यालाही 'गामेल' म्हणतात. माझ्या लेखी घमेलं हे त्यांचंच भावंड.

यावर आमचे एक शिक्षक मित्र उसळतात. "घाम गाळून उचलतात ते घमेलं, फिरंगी कशाला हवा?" दिसायला ही व्युत्पत्ती गोड आहे. त्यांच्या बाजूनं घामोळंही साक्षीला येतं. पण घामोळं, घामट, घामाघूम, सगळीकडे 'घा' आपला लांबच्या लांब. घमेल्यात तो अचानक आखूड का व्हावा? आणि घाम तर कुदळ-फावड्यालाही लागतो, मग नाव एकट्या भांड्यालाच का? आता माझ्यावरचा आक्षेप: 'ग'चा 'घ' कसा झाला? माझं उत्तर सरळ आहे. घागर, घडा, घंगाळ. आपल्या घरात भांडी 'घ'नं सुरू होतात. परका गामेला या पंगतीत बसला आणि शेजाऱ्यांसारखा उच्चारला जाऊ लागला. घामाचा वास त्याला नंतर लागला असेल, हे मी मित्राला देऊन टाकतो.

तेव्हा नाव फिरंग्यांचं, शोध वलंदेजांचा, म्हणजे डचांचा. हिंदी महासागरात एकमेकांच्या उरावर बसलेले हे दोघे माझ्या पेडलात खांद्याला खांदा लावून उभे आहेत.

पेडलवाल्यांसाठी एक राहिलं. डिले अँपच्या आधी लावला तर मागून डिस्टॉर्शन प्रत्येक पडसाद चिरडतं आणि सगळ्याचा गाळ होतो. लूपमध्ये लावला की आधी आवाज फाटतो, मग त्याचे स्वच्छ पडसाद पडतात. तरीही पडसाद फाटका आला तर अँपच्या मागचं लूपचं +४/-२० बटण पाहा. +४ वर लूपमधून बाहेर पडणारा आवाज -२० पेक्षा व्होल्टेजनं सुमारे सोळापट जोराचा असतो. नऊ व्होल्टच्या पेडलाचं घमेलं त्यानं काठोकाठ भरून सांडतं. बटण -२० वर आणा. लूप समांतर असेल तर पेडलाचा मिक्स पूर्ण पडसादावर ठेवा, कोरडा आवाज अँप स्वतःच पुढं नेतो.

आणि कुणाच्या घरी जुन्या बांधकामाच्या हिशेबाची वही असेल, त्यात 'घमेले'ऐवजी 'गमेले' असं कुठं लिहिलेलं दिसलं, तर मला कळवा. शिक्षक मित्राला दाखवायचं आहे.