सुभेदाराचे घराणे

कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट आपण साऱ्याजणींनी शाळेत ऐकली आणि पुढे मुलांना सांगितली. पण तो सुभेदार कोण, असे एका भगिनीने हळदीकुंकवाच्या दिवशी विचारले, तेव्हा कोणालाच सांगता येईना. त्यातून हे टिपण झाले.

शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली, त्या वेळी हा प्रांत विजापूरकरांतर्फे मुल्ला अहमद यांजकडे होता. आदिलशहाच्या दीर्घ आजारामुळे त्यांना विजापुरासच राहावे लागले होते, आणि इकडची पकड सैल झाली होती. पुढे १६६५ साली ते मोगलांना मिळाले. उत्तरेकडे जाताना अहमदनगरास वारले.

ते जातीने नवाईत. अरबस्तानातून समुद्रमार्गे येऊन कोकणच्या बंदरांत स्थायिक झालेल्यांचे हे वंशज. ‘मुल्ला’ म्हणजे विद्वान. या समाजात विद्येची परंपरा मोठी. माहीमचे मखदूम फकीह अली (१३७२–१४३१) याच समाजातले. त्यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिले. आईने रात्री पाणी मागितले आणि तिचा डोळा लागला, तर हा मुलगा पेला घेऊन पहाटेपर्यंत उभा राहिला, अशी आख्यायिका आहे. त्यांच्या शेजारीच आईची कबर आहे.

फकीह म्हणजे धर्मशास्त्राचा जाणकार. कोकणातले फकी हे आडनाव त्यातूनच आले. काझी, खतीब ही आडनावेही वृत्तीवरून पडलेली, आपल्याकडच्या जोशी-उपाध्यांसारखी. काझी निवाडा करी, निकाह लावी. खतीब शुक्रवारी खुतबा वाची. काझीपण बहुधा बापाकडून मुलाकडे जाई, त्यामुळे वंशावळ ही नुसती हौस नव्हे, हक्काचा पुरावा असे. तिच्यातली नावे ‘बिन’ म्हणजे ‘चा मुलगा’ या शब्दाने जोडलेली असत. आपल्या जुन्या मराठी कागदांतही पाटलांच्या नावांत हाच ‘बिन’ आढळतो. या साखळीत आईला जागा नाही. दुसऱ्यांना कशाला नावे ठेवा? माझ्या माहेरच्या वंशावळीत थोरल्या आत्याच्या जागी ‘कन्या १’ एवढेच होते; मी शाईने नाव घातले, तेव्हा काका रागावले.

आणि ती सून? समकालीन कागदांत तो प्रसंगच नाही; नंतरच्या बखरींतून तो आपल्यापर्यंत आला. महाराजांचे औदार्य त्यांत वर्णिले आहे, दरबारही आहे. तिचे नाव मात्र त्यांनीही लिहिलेले नाही.